कलम 25 आणि एकटा माणूस

2014 च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक छोटेसे दिसणारे प्रकरण निकाली काढले. राजपत्रात आपल्या नावापुढे ‘कोणताही धर्म नाही’ अशी नोंद छापून मिळावी, एवढीच अर्जदारांची मागणी होती. येशू ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती, पण कोणत्याही संघटित धर्माचे म्हणवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. शासकीय मुद्रणालयाने अर्ज फेटाळला, म्हणून ते कोर्टात गेले. न्यायालयाने सरकारला सुनावले, की धर्म मानण्याइतकाच तो न मानण्याचा, असलेला सोडण्याचा आणि ‘मला धर्म नाही’ असे सांगण्याचा हक्क कलम 25 मध्येच आहे. कोणत्याही सरकारी नमुन्यात धर्म जाहीर करण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही.

धर्मस्वातंत्र्यावरच्या आपल्याकडच्या निकालांत असा निकाल विरळा. पाऊणशे वर्षांत या विषयावर न्यायालयांनी हजारो पाने लिहिली, त्यांतली बहुतेक मठ, देवस्थाने, दर्गे, विश्वस्त मंडळे आणि धर्मगुरू यांच्याविषयी आहेत. सरकार आणि धर्मसंप्रदाय या दोन पक्षकारांना आपला कायदा नीट ओळखतो. या दोघांच्या मध्ये उभा असलेला एकटा माणूस, म्हणजे आपल्याच समाजाशी पटत नसलेला, धर्म बदलू पाहणारा, दुसऱ्या धर्मात लग्न करणारा किंवा नुसते गप्प राहू इच्छिणारा, मात्र त्याला अजून पुरता दिसलेला नाही. आता मोबाइल, विदा आणि समाजमाध्यमांचा सगळा भार नेमका याच माणसावर पडतो आहे. म्हणून हा आढावा त्याच्या बाजूने घेतला आहे.

घटना समितीने काय दिले

कलम 25 ते 28 यांवरची मुख्य चर्चा घटना समितीत डिसेंबर 1948 मध्ये झाली. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. ‘प्रसार’ हा शब्द मसुद्यात असावा की नसावा यावर कडाक्याचा वाद झाला. लोकनाथ मिश्रांनी तो काढून टाकण्याची मागणी केली, तर कन्हैयालाल मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तो राखला पाहिजे असे मांडले. शब्द राहिला. अखेर प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य मिळाले आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क मिळाला. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांची वेसण राहिली. कलम 26 ने धर्मसंप्रदायांना आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा हक्क दिला. कलम 27 आणि 28 ने कराचा पैसा आणि सरकारी शाळा धर्मापासून अलग ठेवल्या.

या रचनेतली एक गोष्ट इतर अनेक देशांच्या घटनांत सापडत नाही. सुधारणेसाठी धर्मात हात घालण्याचा आणि हिंदूंची सार्वजनिक देवस्थाने सर्वांना खुली करण्याचा अधिकार घटनेने सरकारला स्पष्ट शब्दांत दिला. हा अधिकार का दिला, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. धर्माच्या नावाने अडवणूक करणारे सरकारच असते असे नाही, पुष्कळदा धर्मच अडवतो, हे घटनाकारांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी माणसाला दोघांपासूनही संरक्षण द्यायचे ठरवले.

2 डिसेंबर 1948 च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा रोखठोक मांडला. आपल्याकडे धर्माची व्याप्ती जन्मापासून मरणापर्यंत आयुष्याच्या प्रत्येक अंगाला व्यापते. ती तशीच मान्य केली तर सामाजिक सुधारणेचा एकही कायदा करता येणार नाही. म्हणून धर्माची कक्षा श्रद्धा आणि मुळात धार्मिक असलेले विधी एवढ्यापुरती मर्यादित मानावी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे वारसाहक्क, भाडेकरार किंवा देवस्थानची जमीन हे विषय धर्माचे नव्हेत.

न्यायाधीश शास्त्रार्थाला बसतात तेव्हा

प्रत्यक्षात गाडी वेगळ्याच रुळावर गेली. 1954 मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे त्या धर्माच्या शिकवणीवरूनच ठरवावे लागेल. त्याच वर्षी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 ला आव्हान देणारे रतिलाल गांधी प्रकरण निकाली निघाले. ज्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात आज महाराष्ट्रातल्या गल्लीबोळातल्या देवळांच्या विश्वस्तांची ये-जा असते, त्याचा घटनात्मक पाया त्या निकालात घातला गेला. हिशेब, नोंदणी आणि मालमत्तेचा कारभार सरकारच्या देखरेखीखाली आला. पण विश्वस्त निधीचा मूळ हेतूच बदलून टाकायची मुभा न्यायालयाने दिली नाही.

या दोन निकालांतून ‘अत्यावश्यक धर्माचार’ ही कसोटी रुजली. आंबेडकरांचा प्रश्न ‘ही बाब धार्मिक आहे की ऐहिक’ असा होता. न्यायालयांचा प्रश्न ‘ही बाब धर्मात अत्यावश्यक आहे की नाही’ असा झाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला न्यायाधीशाला पोथ्या उघडाव्या लागतात. साताऱ्यात जन्मलेले, संस्कृतच्या परंपरेत वाढलेले न्यायमूर्ती प्रल्हाद गजेंद्रगडकर हे काम हिरिरीने करत. अजमेर दर्ग्याच्या 1961 च्या निकालात त्यांनी लिहिले, की धर्मावर चढलेली अंधश्रद्धेची पुटे घटनेच्या संरक्षणाला पात्र नाहीत. 1966 च्या सत्संगी खटल्यात तर हिंदू धर्म म्हणजे काय यावर त्यांनी मोठे निरूपणच केले आणि ‘आम्ही हिंदूंपासून वेगळे’ म्हणत दलितांना मंदिरप्रवेश नाकारू पाहणाऱ्या स्वामिनारायण सत्संगींचा दावा फेटाळला. हेतू सुधारकाचा होता यात शंका नाही. पण त्यामुळे एक पायंडा पडला. भक्ताचा धर्म कोणता आणि त्यातले सार काय, हे भक्ताला न विचारता ठरवायची न्यायालयाला सवय लागली. आनंदमार्गींचे मिरवणुकीतले तांडव नृत्य, मुस्लिमांसाठी मशीद, विद्यार्थिनींचा हिजाब, सगळीकडे तोच प्रश्न आणि तीच पोथ्यांची चाळाचाळ.

या कसोटीत एकटा माणूस कसा हरवतो, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मुंबईचे आहे. दाऊदी बोहरा समाजात सय्यदनांना, म्हणजे धर्मप्रमुखांना, अनुयायाला समाजाबाहेर काढण्याचा अधिकार आहे. समाजाबाहेर काढलेल्या माणसाला जमातीच्या मशिदीत जाता येत नाही, कब्रस्तानात दफनाची जागा मिळत नाही, घरच्यांनी त्याच्याशी संबंध ठेवले तर त्यांच्यावरही तीच पाळी येते. मुंबई प्रांताने 1949 मध्ये बहिष्कृतीविरोधी कायदा करून असे फतवे बेकायदा ठरवले. सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने कायदाच रद्द केला. धार्मिक कारणासाठी सभासदाला बाहेर काढणे हा संप्रदायाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, असे बहुमत म्हणाले. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा वेगळे लिहीत होते. त्यांच्या मते बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीचे रक्षण करणारा हा कायदा कलम 25 च्या विरोधात नसून त्याला धरूनच होता. पुढे असगर अली इंजिनीयर यांच्यासारख्या बोहरा सुधारकांनी या बहिष्काराची झळ आयुष्यभर सोसली.

जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याच्या प्रकारांनी कोकणापासून नाशिकपर्यंत कहर केल्यावर महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. त्यात बहिष्कार टाकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. 2023 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 1962 च्या निकालाचा फेरविचार आवश्यक असल्याचे मान्य करून तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. सिन्हा यांचे मत साठ वर्षांनी पुन्हा पटावर आले.

उघडलेली दारे आणि अडकलेले प्रश्न

या काळात व्यक्तीच्या बाजूने काहीच घडले नाही असे मात्र नाही. केरळमधली तीन शाळकरी भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या यहोवा साक्षीदार पंथाला ते मान्य नव्हते. शाळेने त्यांना काढले. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. त्यांची श्रद्धा आम्हाला पटते की नाही हा प्रश्नच नाही, ती प्रामाणिक आहे की नाही एवढेच पाहायचे, अशी त्या निकालाची भूमिका होती. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, तेव्हा 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयही त्याच्यामागे उभे राहिले.

2016 साली महाराष्ट्रात एकाच वर्षात दोन दारे उघडली. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर महिलांना मज्जाव होता. उच्च न्यायालयाने 1 एप्रिलला 1956 च्या मंदिरप्रवेश कायद्यावर बोट ठेवले आणि त्याची अंमलबजावणी करणे सरकारचे कर्तव्य आहे असे बजावले. आठवडाभरातच, गुढीपाडव्याला, देवस्थानने चौथरा खुला केला. ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत महिलांना जाऊ देण्याचा आदेश आला आणि काही आठवड्यांत विश्वस्तांनी तो सर्वोच्च न्यायालयात मान्य केला. शिंगणापूरच्या बाबतीत शनिमाहात्म्याचा अर्थ लावत बसायची गरज कोणाला पडली नाही. कायद्यात सर्वांना प्रवेश लिहिलेला होता, तेवढा पुरला.

शबरीमलाचे तसे झाले नाही. 28 सप्टेंबर 2018 रोजी चार विरुद्ध एक मताने सर्व वयाच्या महिलांना मंदिरप्रवेश खुला झाला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी विरोधी मत देताना लिहिले, की श्रद्धेचे तर्कशास्त्र न्यायालयाने तपासू नये. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी अत्यावश्यकतेच्या कसोटीला पर्याय सुचवला. एखादी प्रथा माणसाला वगळते का आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणते का, एवढे न्यायालयाने पाहावे, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिकेवर तीन विरुद्ध दोन मतांनी व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. हिजाबच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये पुन्हा अत्यावश्यकतेचीच फूटपट्टी लावली, तर सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती ऑक्टोबरमध्ये दोन दिशांना गेले. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांच्या लेखी ती फूटपट्टी गैरलागू होती. एका मुलीची निवड आणि तिचे शिक्षण, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

धर्म बदलायचा, पण सगळ्यांना सांगून

माणसाचे एकटेपण सर्वांत उघडे पडते ते धर्मांतराच्या वेळी. 1977 च्या स्टॅनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रसार’ म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे असे ठरवले आणि ओडिशा व मध्य प्रदेशचे 1967 आणि 1968 चे कायदे वैध मानले. तो निकाल धर्मांतर करवणाऱ्याबद्दल होता. धर्म बदलणाऱ्याच्या हक्काबद्दल त्यात फारसे काही नाही. अलीकडच्या कायद्यांनी या पोकळीत बरेच काही भरले. उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने 60 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. धर्मांतर झाल्यावर पुन्हा घोषणापत्र द्यायचे. त्यात जन्मतारीख, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आधीचा धर्म आणि नवा धर्म लिहायचा. मग हा तपशील कार्यालयाच्या फलकावर लावायचा.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी बुद्धाला शरण जाण्याचे ठरवले, तेव्हा यांपैकी कोणी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी काढली नव्हती. ते धर्मांतर उजळ माथ्याने, जाहीरपणे झाले, कारण जाहीर करायचे हे त्या लोकांनी स्वतः ठरवले होते. गुजरात सरकारने मात्र एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढून बौद्ध धम्म स्वीकारतानाही पूर्वपरवानगी लागेल असे स्पष्ट केले. सरकारला सांगण्याची सक्ती आली, की श्रद्धा ही मनाची बाब न राहता फायलीची बाब होते.

विवाहाचेही तसेच. विशेष विवाह कायदा, 1954 खाली नोंदणी करायची तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. तिच्यात दोघांची नावे, वय, व्यवसाय आणि राहण्याचा पत्ता असतो आणि ती निबंधक कार्यालयाच्या दर्शनी भागी लावली जाते. 1954 मध्ये ती वाचायला कोणाला तरी तालुक्याच्या गावी जावे लागे. केरळच्या नोंदणी विभागाने हीच नोटीस संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली आणि आंतरधर्मीय जोडप्यांच्या नोटिसा उचलून त्यांच्या याद्या समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. जुलै 2020 मध्ये विभागाला ती पद्धत बंद करावी लागली. कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता. कागद कपाटाच्या काचेवरून मोबाइलच्या काचेवर गेला, एवढ्यानेच प्रशासकीय औपचारिकतेचे रूपांतर शिकारीच्या पत्त्यात झाले. महाराष्ट्रातही डिसेंबर 2022 मध्ये सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर तिचे काम आंतरधर्मीय विवाहांपुरते ठेवले गेले. सज्ञान जोडप्याच्या लग्नाची यादी सरकारने का ठेवावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

इथे न्यायालयांनी काही पक्के दुवे तयार करून ठेवले आहेत. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने 2012 मध्येच पूर्वसूचनेची अट खासगीपणाच्या मुद्द्यावर रद्द केली. 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. श्रद्धा निवडणे आणि ती जगाला सांगणे वा न सांगणे हे दोन्ही त्या हक्कात येते, असे त्यात नमूद आहे. 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विवाहाची नोटीस जाहीर करायची की नाही ही निवड जोडप्याकडे सोपवली. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्तर प्रदेशच्या कायद्यातल्या घोषणापत्रांच्या पद्धतीबद्दल शंका व्यक्त केली. गप्प राहण्याचा हक्क कागदावर आला आहे. फलकावरचे कागद मात्र अजून उतरलेले नाहीत.

खिशातला पाळतीदार

सरकारी फलक निदान डोळ्यांना दिसतो. मोबाइलमधून गळणारी माहिती दिसतही नाही. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ हे ॲप जगभर कोट्यवधी लोकांनी घेतले होते. नोव्हेंबर 2020 मध्ये पत्रकारांनी उघड केले, की वापरणारा कुठे आहे याची माहिती या ॲपमधून एका विदा-दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बोभाटा झाल्यावर ॲपने त्या कंपनीशी संबंध तोडले. नमाज पढणाऱ्याने कोणालाच आपला धर्म सांगितला नव्हता. त्याच्या फोनने तो परस्पर सांगितला.

आपल्याकडे असे झाले तर कायदा काय करेल? न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या मसुद्यात आणि 2019 च्या विधेयकात धार्मिक श्रद्धेची माहिती संवेदनशील गणली होती. तिच्यासाठी जादा संरक्षण होते. युरोपीय संघाच्या नियमावलीत आजही ते आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला तेव्हा संवेदनशील विदा हा वर्गच गायब झाला. तुमचा धर्म आणि तुमचा पिझ्झा कोणता, दोन्ही माहिती कायद्याच्या नजरेत सारखीच. शिवाय कोणत्याही सरकारी यंत्रणेला या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला. एकीकडे खासगीपणाचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल आणि दुसरीकडे त्याच्यातून श्रद्धेचा भाग वगळणारा कायदा, अशी ही विसंगती आहे. ज्या देशात आडनावावरून धर्म आणि जात दोन्ही कळतात, भाड्याचे घर नाकारले जाते, तिथे ही वगळणूक किरकोळ मानता येत नाही.

अफवा, जमाव आणि बंद पडणारे इंटरनेट

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने पाचांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. भिक्षा मागत फिरणे ही त्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, त्यांच्या धर्माचरणाचा आणि पोटापाण्याचा भाग. ती परंपराच त्यांच्या जिवावर उठली, कारण अनोळखी भिक्षेकऱ्याकडे पाहण्याची गावाची नजर एका पुढे ढकललेल्या संदेशाने बदलली. त्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्या रोखण्यासाठी निर्देश दिले आणि व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाच जणांपुरताच पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. एका परदेशी कंपनीने बदललेले बटण अनेक शासकीय परिपत्रकांपेक्षा दूरवर पोचते, हेही त्यानिमित्ताने दिसले.

त्याआधी जून 2014 मध्ये पुण्यात हडपसरला फेसबुकवरच्या विटंबना करणाऱ्या चित्रांवरून दंगल उसळली आणि नमाजाहून परतणारा एक तरुण संगणक अभियंता मारला गेला. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता, दाढी आणि टोपी एवढाच त्याचा गुन्हा. 2023 मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या ‘स्टेटस’वरून आणि सप्टेंबरमध्ये साताऱ्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसाचार झाला. पुसेसावळीत एकाचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी इंटरनेट बंद करावे लागले.

या सगळ्याला तोंड द्यायला आपल्याकडे असलेले मुख्य हत्यार 1927 चे आहे. भारतीय दंड संहितेचे कलम 295अ, आताच्या न्याय संहितेतले 299. जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणे हा गुन्हा आहे. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवताना हेतूच्या या अटीवरच भर दिला होता. पोलीस ठाण्यात मात्र हेतू शेवटी पाहिला जातो, ठाण्याबाहेरचा जमाव आधी. परिणामी टिंगल करणारा, चिकित्सा करणारा आणि खरोखर पेटवणारा एकाच कलमाखाली येतात. ज्याच्यामागे जमाव नाही त्याचीच अटक सोपी असते. मुस्लिम महिलांची छायाचित्रे ‘लिलावा’ला लावणाऱ्या ‘बुली बाई’ ॲपसारख्या प्रकारात जानेवारी 2022 मध्ये मुंबईच्या सायबर पोलिसांनी झटपट अटका केल्या. इच्छा असेल तर तपास होतो, हे त्यातून दिसले.

दुसरे हत्यार इंटरनेट बंद करण्याचे. 2020 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते प्रमाणात असले पाहिजेत असे बजावले. तरी बंदीचा फटका पेटवणाऱ्याला कमी आणि मदत मागणाऱ्याला जास्त बसतो. अफवा खोटी आहे हे सांगणारा संदेशही त्याच तारेतून जायचा असतो.

तंत्रज्ञानाने जोडलेलेही पाहायला हवे

चित्र एकरंगी नाही. 2020 च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरी पडद्यावर दर्शन घेतले. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या प्रार्थनास्थळांवरून राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रयुद्ध झाले. पर्युषणासाठी दादर, भायखळा आणि चेंबूरची जैन मंदिरे उघडायला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. आरोग्य हे कलम 25 मधले बंधन एरवी झोपलेले असते, ते त्या वर्षी पहिल्यांदाच पुरते जागे झाले.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंगा हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे सांगून आवाजाची मर्यादा काटेकोर पाळायला लावली. रहिवासी भागात ती दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. त्यानंतर माहीमच्या जुम्मा मशिदीसह मुंबईतल्या काही मशिदींनी अजान थेट मोबाइलवर ऐकवणाऱ्या ॲपचा आधार घेतला. ज्याला ऐकायची त्याला ऐकू येते, शेजाऱ्याची झोपमोड होत नाही. तोडगा चांगला आहे. पण अजान ऐकणाऱ्यांची यादी आता एका सर्व्हरवर तयार होते, हेही विसरून चालणार नाही. शनिशिंगणापूरच्या नावाने ऑनलाइन पूजा विकणारी बनावट ॲप 2025 मध्ये उघडकीस आली. भक्ताचा पैसा आणि माहिती या दोन्हींचा राखणदार कोण, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आता करायचे काय

नव्या स्वातंत्र्याची गरज नाही, असलेले ज्याचे आहे त्याच्यापर्यंत पोचवायला हवे. पहिली गोष्ट न्यायालयाच्या हातात आहे. अत्यावश्यकतेची कसोटी सोडून प्रथेचा माणसावर काय परिणाम होतो ते तपासावे, आणि 1962 चा बोहरा निकाल बदलावा. बहिष्कार धार्मिक असो वा जातीचा, त्याचा मार एकच असतो. दुसरी गोष्ट संसदेने करायची आहे. विदा संरक्षण कायद्यात धार्मिक श्रद्धेला, आणि श्रद्धा नसण्यालाही, संवेदनशील विदेचा दर्जा द्यावा आणि त्यातून सरकारी यंत्रणांना सरसकट सूट देऊ नये. तिसरी राज्यांनी. विवाह आणि धर्मांतराच्या नोटिसा फलकावरून आणि संकेतस्थळावरून काढाव्यात. फसवणूक किंवा बळजबरीची तक्रार आली तर तिचा तपास करायला दंडविधान पुरेसे आहे, त्यासाठी प्रत्येक प्रामाणिक माणसाचा पत्ता भिंतीवर लावायची गरज नाही. चौथी कंपन्यांची जबाबदारी. मराठी, अहिराणी, दखनी बोलीतला विखारी मजकूर ओळखणारी माणसे त्यांनी नेमावीत आणि कोणता मजकूर कोणाच्या आदेशाने हटवला ते जाहीर करावे. पाचवी पोलिसांची. जमावाची संख्या मोजून गुन्हा दाखल करण्याची सवय मोडावी आणि 1957 च्या निकालातली हेतूची अट पहिल्या दिवसापासून लावावी.

यातल्या बहुतेक गोष्टींवर धर्मसंस्था नाराज होतील, सरकार टाळाटाळ करेल आणि कंपन्या खर्च पुढे करतील. तिघांचेही हित माणूस कोणत्या तरी गटात मोजला जाण्यात आहे. धर्मसंस्थेला अनुयायी हवेत, सरकारला मतदार आणि कंपनीला ग्राहक. कलम 25 ने हक्क दिला तो ‘सर्व व्यक्तींना’. संप्रदायाला स्वतंत्र कलम मिळाले, पण ते पुढच्या क्रमांकावर. निकाल लिहिताना, कायदा करताना आणि ॲप बांधताना हा क्रम पाळला, तर बाकीच्या वादांपैकी निम्मे तरी कोर्टाच्या पायरीपर्यंत येणार नाहीत.